गोट्या परत ओकला

पावसाळ्यात कोकणात साप सांभाळायचा म्हणजे एक दुखणं ठरलेलं. साप उंदीर व्यवस्थित गिळतो, आपण खूश होऊन हात धुतो, आणि तीन-चार दिवसांनी खोलीचं दार उघडलं की तो वास येतो. आम्ही देवगडकडची माणसं, खारवलेला बांगडा, सुकट, बोंबील यांच्या वासातच लहानाचे मोठे झालो, कशाने नाक मुरडत नाही, पण अर्धवट पचून परत आलेल्या उंदराचा वास वेगळाच, तो कपड्यांना चिकटतो आणि नेमका जेवायला बसल्यावर आठवतो.

यंदा पाऊस लागल्यापासून आमच्या गोट्याने हे लागोपाठ केलं. बऱ्याच जणांनी विचारलं की काय झालं, कसं निस्तरलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

गोट्या म्हणजे बॉल पायथन, अजगराची एक छोटी जात. घाबरला की डोकं आत घालून घट्ट गोळा होतो म्हणून गोट्या. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. आतेभाऊ पुण्याहून परदेशी गेला तेव्हा टब, हीट मॅट (टबाला ऊब देणारी विजेची चटई) आणि कागदपत्रांसकट माझ्याकडे आला. कागदपत्रांचं मुद्दाम सांगतो, कारण गावात अजून अर्ध्या लोकांना वाटतं की मी रानातलं किरडू पकडून घरात डांबलंय. तसलं काही नाही हां. आपल्याकडचा साप, मग तो अजगर असो, नाग असो नाहीतर साधी धामण, घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन बाहेरचा, पण साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे त्यामुळे त्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४ मध्ये तसे नियमच आले. कोणी 'भाऊ, स्वस्तात मिळतोय, कागद नाहीत' म्हणालं तर तिथूनच मागे फिरा.

तर ओकणं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी एकदाच प्रत्यक्ष बघितलं, बाकी वेळा सकाळी नुसता पुरावा सापडला. गोट्या हाइडमधून, म्हणजे टबातल्या त्याच्या लपायच्या जागेतून, अर्धा बाहेर आला होता, मान लांब करून, आणि गिळताना जशा लाटा डोक्याकडून शेपटीकडे जातात तशाच लाटा उलट्या येत होत्या. मधे थांबायचा, परत एक लाट. मग जबडा फाकला आणि उंदीर बाहेर आला, मागचे पाय आधी. डोक्याकडचा भाग मऊ पडून विरघळल्यासारखा, केस गळून कातडी करडी-गुलाबी, मागचा अर्धा भाग मात्र जवळजवळ होता तसा. साप उंदीर डोक्याकडून गिळतो, त्यामुळे डोकं पोटात आधी पोचतं आणि पचनही तिथूनच सुरू होतं. म्हणजे पचायला सुरुवात झाली होती आणि मधेच काम थांबलं होतं. हे बघून ठेवणं महत्त्वाचं आहे, नुसतं नाक दाबून कचऱ्यात टाकू नका. फोटो काढा, कधी खाल्लं कधी टाकलं ते लिहा. ढोबळमानाने असं की दिवसभरात अख्खाच्या अख्खा परत आला तर उंदीर मोठा झाला असेल किंवा कोणीतरी सापाला हात लावला असेल, तीन-चार दिवसांनी अर्धवट सडका आला तर संशय आधी उष्णतेवर, आणि सगळं नीट असूनही परत परत होत असेल तर आजार.

आता घरातल्यांचं ऐका. आजीचं मत, दृष्ट लागली. कोणाची, तर शेजारच्या काकूंची, त्या एकदा 'मेलो केवढो जाडो झालो' म्हणाल्या होत्या. आजीने मीठ-मोहरी घेऊन टबावरून ओवाळलीसुद्धा, मी काही बोललो नाही, टबाचं झाकण बंद होतं. आईचं मत, उंदीर शिळा. आणि यात थोडं तथ्य होतं, त्यावर पुढे येतो. बायकोचं मत, शनिवारी तिच्या भावाची मुलं आली होती तेव्हा हाताळला. ती मुलं आली होती खरी पण गोट्याने उंदीर खाण्याच्या आधी आली होती, त्यामुळे ते कारण गळालं. खाल्ल्यावर दोन दिवस, मी तर चार दिवस म्हणतो, सापाला हात लावायचा नाही, टब हलवायचा नाही, दाखवायला कोणाला आणायचं नाही. भरल्या पोटाच्या सापाला धोका वाटला तर तो पळायच्या आधी ओझं टाकतो.

आमच्या इथला एक सर्पमित्र आहे, कोंबड्यांच्या खुराड्यात नाग शिरला, माळ्यावर धामण आली की त्यालाच फोन जातो. तो सांगतो की पकडताना नाग निम्म्या वेळेला पोटातलं बाहेर ओकतो, बेडूक, पिल्लू, कधी अंडी, कधी दुसरा सापच. आणि लोक त्याचे व्हिडिओ काढतात, हसतात. त्याच्या मते तो प्रकार बघायला मिळणं म्हणजे पकडणाऱ्याने घाई केली किंवा भोवती गर्दी फार होती. त्या नागाचं मोठ्या कष्टाचं जेवण गेलं आणि आता त्याला अनोळखी जागी उपाशी सोडणार. हा माणूस साप दिसला की आधी पोट बघतो, फुगलेलं असेल आणि जागा धोक्याची नसेल तर सगळ्यांना लांब करतो आणि सापाला आपापला जाऊ देतो. मला पटतं. पण लोक ऐकत नाहीत, विशेषतः खुराडं ज्याचं असतं तो.

तर गोट्याला कोणी हात लावला नव्हता. उंदीरही मोठा नव्हता, सापाच्या शरीराचा सगळ्यात जाड भाग असतो त्याहून रुंद उंदीर द्यायचा नाही हा साधा नियम, आणि गोट्या ९०० ग्रॅमच्या आसपास, त्याला मी ७०-८० ग्रॅमच्या पुढे कधी जात नाही. राहिली उष्णता. आणि इथे कोकणातली माणसं हमखास फसतात. कारण आपल्याला वाटतं इथे कसली थंडी? जुलैत अंगाला शर्ट चिकटलेला, भिंती घामेजलेल्या, पापड मऊ, मीठ पाणी सुटलेलं, आणि अशा हवेत सापाला हीटर? मला कितीतरी जणांनी हे हसत विचारलंय. पण तो चिकटपणा दमटपणाचा असतो हो, उष्णतेचा नाही. थर्मामीटर बघा. पावसाच्या रात्री आमच्याकडे २४ च्या खालीही पारा जातो, दिवसा २७-२८. दमट हवेत आपला घाम वाळत नाही म्हणून आपल्याला उकडतं. सापाला घामच नाही, त्याला दिसतो तो नुसता आकडा, आणि बॉल पायथनला जेवण पचवायला टबाच्या गरम बाजूला ३१ ते ३३ अंश लागतात. थंड बाजू २५-२७ चालते, पण गरम बाजू हवीच.

का हवी, तर साप स्वतः अंग गरम करू शकत नाही, आणि पोटातली सगळी रसायनं उष्णतेवर चालतात. स्टीफन सीकोर म्हणून अमेरिकेत एक संशोधक आहेत, त्यांनी बर्मीज पायथन या मोठ्या अजगराच्या पचनावर वर्षानुवर्षं काम केलंय आणि ते वाचून मी चाट पडलो. उपाशी अजगराच्या पोटात ॲसिड जवळजवळ बंदच असतं, कारखाना कुलूप लावून ठेवल्यासारखा. भक्ष्य गिळलं की एका दिवसात पोटातला पीएच (तो जितका कमी तितकं ॲसिड कडक) ७ च्या आसपासवरून २ च्या खाली येतो, आतडं फुगून जवळजवळ दुप्पट होतं, शरीराचा ऊर्जा वापर मोठ्या जेवणानंतर ४० पटींपर्यंत जातो, आणि हृदयसुद्धा दोन दिवसांत ४० टक्के वाढलेलं मोजलंय. हे सगळं एका जेवणासाठी, आणि जेवण संपलं की परत सगळं आकसतं. आता विचार करा, हे सगळं चालू झालंय आणि मधेच अंग गार पडलं. साप थंडावतो, ॲसिड-एन्झाइमचं काम ढेपाळतं, पण उंदराच्या पोटातले जिवाणू काही थांबत नाहीत. उंदीर आतल्या आत सडायला लागतो, गॅस धरतो. अशा वेळी ओकणं हाच सापाचा शहाणपणा, नाहीतर ते विष त्यालाच मारेल.

मग माझ्याकडे हीट मॅट असताना अंग गार का पडलं? मॅट होती, ठरलेल्या अंशावर ती चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट होता, दिवसा कधीही बघितलं तर ३२. मी मिनिमम-मॅक्सिमम दाखवणारा डिजिटल थर्मामीटर आणला, त्याच्या वायरचं टोक हाइडच्या आत चिकटवलं, आणि सकाळी बघतो तर मिनिमम २३.८. पावसात आमच्याकडे रात्री लाइट जाते हे सांगायला नको, एक फांदी तारेवर पडली की सकाळपर्यंत अंधार, तौक्ते वादळाच्या वेळी मे २०२१ ला तर जिल्ह्यात किती गावं दिवसचे दिवस अंधारात होती. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून पंखा चालू राहतो आणि आम्हाला झोपेत पत्ताच लागत नाही. पण वायरमनने इन्व्हर्टरवर घेतलेत ते पंखे आणि ट्यूब, भिंतीच्या खालचे प्लग नाहीत. म्हणजे आम्ही पंख्याखाली गाढ झोपलेलो आणि गोट्या पोटात उंदीर घेऊन गार पडत चाललेला, पहाटे लाइट आली की परत ३२, आणि मी सात वाजता बघायचो तेव्हा सगळं आलबेल.

आणि आता आईचा मुद्दा. लाइट गेली की नुसती मॅट बंद होत नाही, फ्रीजही बंद होतो. माझे फ्रोझन उंदीर बाहेरून येतात, थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ घालून. रात्रभर लाइट नसली की फ्रीझरमधला वरचा थर सुटतो आणि सकाळी परत गोठतो. बाहेरून बघून काही कळत नाही. सुरमईच्या बाबतीत आई हे बरोबर ओळखते, पिशवीच्या तळाशी लालसर पाणी गोठलेलं दिसलं की ती तुकडी मांजराला. मी तेच उंदरांना लावलं, पिशवीत तळाशी गोठलेलं पाणी दिसलं की टाकून द्यायचे, पैसे गेले तरी. एक सोपी युक्ती, एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा, नाणं खाली बुडालेलं दिसलं की समजायचं मधे सगळं वितळलं होतं. उंदीर वेगळ्या छोट्या फ्रीझरमध्ये ठेवलेत हेही सांगून टाकतो, कारण आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'माज्या फ्रीजात उंदीर दिसलो तर तू आणि तुजो साप दोगांव पडवीत झोपा.'

कारण बहुतेक सापडलं तरी मी तपासणी करून घेतली, कारण एकदा ओकला तर ठीक, परत ओकला की डॉक्टर, यात माझ्या मते चर्चा नाही. तालुक्यातले डॉक्टर गाईगुरांचे, भले माणूस, त्यांनी स्वच्छ सांगितलं की साप माझा विषय नाही. मग घाट चढून कोल्हापूरला, साप पिशवीत, पिशवी खोक्यात, आणि विष्ठेचा नमुना वेगळ्या डबीत. डॉक्टरांनी पोटावरून बोटं फिरवून मधल्या भागात गाठ लागते का ते बघितलं. ते क्रिप्टो शोधत होते. क्रिप्टोस्पोरिडियम हा एक परजीवी, सापात तो जठराच्या आवरणात बसतो, आवरण जाड होत जातं, शरीराच्या मध्यावर फुगवटा दिसतो, आणि साप खाल्लेलं परत परत टाकतो, वाळत जातो. खात्रीचं औषध नाही. साधं ब्लीच त्याच्या अंड्यांसारख्या कोषांना मारत नाही, त्यामुळे घरात दुसरे साप असतील तर भांडी, चिमटे सगळं वेगळं ठेवावं लागतं. आणि कोष रोज विष्ठेत पडत नाहीत म्हणून एक रिपोर्ट निगेटिव्ह आला की नाचायचं नाही, नमुना परत द्यायचा. आम्ही परत दिला. दोन्ही स्वच्छ. जंतही नाहीत. डॉक्टर म्हणाले उष्णता सांभाळा आणि आता त्याला उपाशी ठेवा.

आणि हे शेवटचं वाक्य आमच्या घरात पचवणं गोट्याला उंदीर पचवण्यापेक्षा अवघड गेलं.

कोकणातलं घर हो. दारात आलेल्या कुत्र्यालाही विचारल्याशिवाय भाकरी पडते. आजीला जेव्हा कळलं की मी मुद्दाम दोन आठवडे काही देणार नाही तेव्हा ती रोज सकाळी, 'अरे, तेका उपाशी कित्याक ठेवतस? पाप लागतला तुका.' मग उपाय. सोलकढी दे, पोट थंड होईल (थंडच तर झालं होतं आजी). ओव्याचं पाणी दे. दूध दे. दूध तर नकोच नको, सापाला दूध पचत नाही, नागपंचमीला जे नाग दूध पिताना दिसतात ते तहानेने कासावीस केलेले असतात आणि नंतर त्यातले कितीतरी मरतात. शेजारच्या दादांनी माणसांची उलटीची गोळी पाव करून द्या म्हणून सांगितलं. एकाने दह्याचं, त्यात चांगले जिवाणू असतात म्हणून. प्रत्येकाचा जीव तुटतोय आणि प्रत्येकाचा उपाय तोंडातून आत काहीतरी घालायचा.

पण ओकल्यावर सापाचं काय झालेलं असतं ते बघा. अन्ननलिका ॲसिडने पोळलेली. पोटातलं पाणी आणि क्षार गेलेले. पचनाला मदत करणारे जिवाणूही त्याबरोबर बाहेर. आणि एवढा सगळा कारखाना चालू करायला घातलेली ताकद फुकट. अशा पोटात चार दिवसांत दुसरा उंदीर टाकला तर तोही बाहेर येण्याची शक्यता जास्त, आणि प्रत्येक ओकण्यात साप आणखी खचतो. बॉल पायथनसारखा धडधाकट मोठा साप महिनोन्महिने न खाता राहू शकतो, नर तर हंगामात स्वतःहूनच खाणं सोडतात. उपासाने तो मरत नाही, लागोपाठ ओकण्याने मरू शकतो. गंमत म्हणजे गोट्या स्वतः दुसऱ्या दिवशीच भुकेला दिसायला लागला, रात्री बाहेर येऊन जीभ काढत फिरायचा, आणि आजी दारातून बघून म्हणायची, 'बघ, मागता हा.' मागत होता खरा. पण त्याचं ऐकायचं नसतं, त्याला पोटाचं कळत नाही, वास आला की तो गिळणार.

मग काय केलं, तर पाणी. मोठं भांडं, रोज बदललेलं. खाली वर्तमानपत्र, कारण आधी मी आपल्याच नारळाच्या सोडणाचा भुसा घालायचो, उन्हाळ्यात तो झकास, पण जुलैत हवेतच ८५-९० टक्के दमटपणा असताना तो ओला राहतो, बुरशी धरतो, आणि पोटाखालचे खवले खराब होतात. साठ-सत्तर टक्के त्याला पुष्कळ झाले. हात लावणं पूर्ण बंद. टबावर टॉवेल टाकून अंधार. वजन तेवढं आठवड्यातून एकदा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर नाही, वेगळ्या.

दोन आठवड्यांनी छोटा उंदीर, नेहमीच्या निम्म्याहूनही लहान. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटवायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, आणि देताना बोटाने पोट दाबून बघायचं की आतून गार नाही ना. आतून बर्फ असलेला उंदीर हेही ओकण्याचं एक कारण असतं. गोट्याने तो झडप घालून घेतला. पुढचे दिवस मी कामावरून घरी फोन करून वास येतोय का विचारायचो आणि बायको एकदा वैतागून म्हणाली, तिच्या बाळंतपणात मी एवढे फोन केले नव्हते. राहिला पोटात. मग दहा-बारा दिवसांनी तेवढाच दुसरा, मग थोडा मोठा. आता विष्ठाही नेहमीसारखी झालीय, गडद, घट्ट, सोबत पांढरा खडूसारखा भाग, आणि मला इतका आनंद झाला की फोटो डॉक्टरांना पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

लाइटचं म्हणाल तर गोट्याचा प्लग इन्व्हर्टरवर घेतला. हिशोब अगदी साधा आहे, माझी मॅट २० वॉटची, आणि घरातल्या साध्या १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात, प्रत्यक्षात त्यातले बरेच कमी मिळतात, पण रात्री एक पंखा कमी चालवला तरी मॅट आरामात निघते. थर्मोस्टॅट मात्र काढायचा नाही, लाइट परत येताना व्होल्टेज उड्या मारतं आणि थर्मोस्टॅटशिवायची मॅट सापाचं पोट भाजते, ते ओकण्याहून वाईट. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून टबाच्या बाहेरून लावाव्यात आणि टब थर्माकोलच्या खोक्यात ठेवावा, दर दोन-तीन तासांनी बाटल्या बदलायला उठावं लागेल. आणि सगळ्यात स्वस्त उपाय, वादळाचा इशारा असेल त्या आठवड्यात खायलाच घालू नका. रिकाम्या पोटाचा साप २४ अंशात एक रात्र काढतो, काही होत नाही.

हात साबणाने धुवायचे हे वेगळं सांगत नाही, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात.

आता गणपती आलेत. मुंबईहून चाकरमानी येणार, घरात पंधरा-वीस माणसं, आणि प्रत्येक पोराला गोट्या बघायचाय, गळ्यात घालून फोटो हवाय. त्यामुळे त्या आठवड्यात त्याला जेवण नाही, आणि शेवटचं जेवण पाहुणे यायच्या पुरतं आठवडाभर आधी. फोटो काढायचे ते टबाच्या बाहेरून, खोलीची किल्ली माझ्या खिशात. आजीला तेवढं अजून सांगितलेलं नाही, कारण पाहुण्यांना पुरणपोळ्या आणि गोट्याला उपास म्हटलं की परत सगळं पहिल्यापासून.